कुशाबाची सुई आणि विठोबाच्या होड्या

कुशाबा तांबे पोटासाठी कधी खोटं बोलला नाही. बोलायचा तो हौसेने.

रे रोडला बंदराच्या कडेला लाकडाच्या वखारी होत्या, त्यातल्या एका वखारीत तो कामाला होता. आलेले ओंडके मोजायचे आणि त्यांच्या तोंडावर गेरूने आकडे घालायचे, एवढंच त्याचं काम. ओंडके काही बोलत नसत, म्हणून कुशाबाला तिथे कंटाळा येई आणि त्याची भरपाई तो माणसांवर करी. काळाचौकीच्या त्याच्या चाळीत एकदा त्याने पसरवून दिलं की म्युनिसिपालिटी यापुढे खोलीगणिक एक मांजर नोंदवून घेणार आहे, आणि ज्याच्याकडे मांजर नसेल त्याने उंदरांबद्दल लेखी खुलासा करायचा आहे. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांत एका बोक्यावरून भांडण लागलं होतं. दीक्षा घेतल्यापासून तो दर रविवारी बायकोबरोबर वंदनेला बसे आणि पाचही शीलं म्हणे. खोटं न बोलण्याचं चौथं शील तेवढं जरा हळू आवाजात म्हणे. त्याची बायको शांती तेव्हा एक डोळा उघडून त्याच्याकडे बघे.

शेजारच्या दारूखाना नावाच्या बंदरभागात जुनी जहाजं मोडत. तिथल्या एका टोळीला मोडीत एक पितळी तबकडी सापडली. सुई एकच, आणि आकडे अठ्ठावीसपासून एकतीसपर्यंत. ज्यात बारा कधी वाजतच नाहीत असलं घड्याळ घेणार कोण, म्हणून त्यांनी ते कुशाबाला देऊन टाकलं. कुशाबाने बघताक्षणी ओळखलं. लग्नाआधी सहा वर्षं तो मालवाहू बोटीवर खलाशी होता, आणि बोटीवरचा एक गोरा अधिकारी दर चार तासांनी त्याला अशाच काचेवर टिचकी मारून आकडा मोठ्याने वाचायला लावी. हवेचा दाब दाखवणारं ते बॅरोमीटर होतं. कुशाबाने ते वखारीच्या ऑफिसात, सीताराम मुनीमजींच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं.

मुनीमजी माणूस वाईट नव्हता, पण ओरडायचा फार. पावती चुकली की ओरडे, चहा निवला की ओरडे, काहीच झालं नाही तर आज एवढी शांतता का म्हणून ओरडे. कुशाबाने त्याला गंभीरपणे सांगितलं की हे यंत्र माणसाच्या काळजावरचा ताण दाखवतं, आगबोटीवर कप्तानाच्या खोलीत असतं, आणि समोरचा माणूस जितका ओरडेल तितकी सुई खाली उतरते. मुनीमजी हसला. कुशाबाने त्याला सकाळी दहा वाजता सुई बघून ठेवायला सांगितलं आणि चार वाजता पुन्हा बघायला सांगितलं. चार वाजता सुई दहा घरं खाली होती.

आता खरं असं, की आपल्याकडच्या हवेलाही समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सुई सकाळी दहापर्यंत चढते, दुपारी चारपर्यंत उतरते, रात्री पुन्हा चढते आणि पहाटे उतरते. तबकडीवर एका इंचाची शंभर बारीक घरं असतात, त्यातली दहाएक घरं ती रोज खालीवर करते. माणूस ओरडला काय आणि मुका बसला काय, तिला फरक पडत नाही. पण मुनीमजीला हे कोण सांगणार? त्याने दुसऱ्या दिवशी ओरडणं निम्म्यावर आणलं, आठवड्याभरात तो हलक्या आवाजात बोलू लागला, आणि तरीही चार वाजता सुई उतरलेली दिसली की हळहळून म्हणे, मनातल्या मनात चिडलो असेन. वखारीतली माणसं कुशाबाला दुवा देत होती.

इथपर्यंत कुणाचं नुकसान नव्हतं. नुकसान शिमग्याला झालं.

वखारीच्या पलीकडेच कोळ्यांची वस्ती होती. विठोबा नाखवाच्या घरच्या आठ होड्या तिथे नांगरलेल्या असत. शिमगा हा कोळ्यांचा मोठा सण. त्या दिवशी सकाळी कुशाबाने तबकडीच्या मागचा स्क्रू फिरवून सुई तुफानाच्या खुणेवर नेऊन ठेवली, तबकडी काखेत मारून बंदरावर गेला आणि विठोबाला दाखवली. तुफान येतंय म्हटल्यावर सगळी वस्ती नटणंमुरडणं सोडून चिखलात उतरली आणि आठही होड्या वर ओढत बसली. दुपारी लख्ख ऊन पडलं तेव्हा कुशाबा ओंडक्यावर बसून पोट धरून हसत होता. विठोबाने त्याला तिथेच तुडवला असता. विठोबाची वहिनी मध्ये पडली म्हणून कुशाबा वाचला. तिचं नाव गुणवंती.

गुणवंती मासे घेऊन लालबागच्या बाजारात बसायची. चार दिवसांनी ती वखारीत आली आणि कुशाबाला एका बाजूला घेऊन तिने शांतपणे सांगितलं, की अठ्ठेचाळीस सालच्या तुफानात तिचा नवरा हरेश्वर बाहेर होता. होडीची एक फळी तेवढी परत आली. त्या दिवसापासून तिच्या घरात तुफान हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. कुशाबाला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असं तो म्हणालाही, आणि ते म्हणताना त्याला पहिल्यांदा वाटलं की आपलं खरं बोलणंसुद्धा आता खोट्यासारखं ऐकू येतंय. त्याने तबकडी भिंतीवर परत लावली, सुई बरोबर करून ठेवली आणि स्क्रूला पुन्हा हात लावला नाही.

गुणवंतीने मग विचारलं, हे यंत्र खरोखर काय दाखवतं. त्याने तिला खरं सांगितलं. तेव्हापासून बाजारातून परतताना ती कधीमधी आत डोकावून सुई बघून जायची.

ते दिवस द्वैभाषिक राज्याचे होते. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून गिरणगावात आज मोर्चा, उद्या सभा असं चाललेलं. सगळेच काही ना काही करत होते. विठोबा होडीतल्या जाळ्याखाली त्या चळवळीच्या समितीच्या पत्रकांचे गठ्ठे घालून खाडीपलीकडे उरणला पोचवायचा. हे गुपित होतं, म्हणजे पोलीस सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळी उलटून गेली होती. एका सकाळी दहा वाजता कुशाबाने सवयीने काचेवर टिचकी मारली आणि थांबला. त्या वेळी सुई एकोणतीस इंच पंचाण्णव घरांवर असायला हवी होती. ती चौऱ्याऐंशीवर होती. म्हणजे सकाळची भरती तिला आलीच नव्हती. चार वाजता ती बहात्तरवर आली. बाहेर ऊन होतं, वारा जेमतेम भुसा हलेल इतका, तोही जमिनीकडून, पूर्वेचा. तरी बंदराच्या धक्क्यावर लाट आदळत होती ती वेगळीच. लांबलचक, जड, आणि दोन लाटांमध्ये बराच वेळ जात होता. वारा एकीकडचा आणि लाट दुसरीकडची. असली लाट दूरवरच्या वादळाची असते, वाऱ्याच्या एखाददोन दिवस पुढे चालते, हे त्याने बंगालच्या उपसागरात बघितलं होतं.

कुशाबा तडक विठोबाकडे गेला. विठोबा जाळं विणत होता, त्याने मान वर केली नाही. उद्या सकाळच्या भरतीला बाहेर पडू नकोस, होड्या वर घे, असं कुशाबाने सांगितलं. विठोबाने बाजूचं वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं आणि विचारलं, शिमगा वर्षातून दोनदा असतो का. बाकीचे हसले. कुशाबाने शपथ घातली तर आणखी हसले. आयुष्यभर लोकांना खोटं पटवून देणाऱ्या माणसाला एक खरी गोष्ट पटवता येईना, आणि कशी पटवायची हेही त्याला सुचेना, कारण त्याची सवय नव्हती.

परत येतो तर गुणवंती वखारीच्या दारात टोपली खाली ठेवून उभी होती. तिने सुई बघितली होती.

"दहा वाजता चढली नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. आणि चारला आणखी उतरली. रोजची दहा घरं सोडून दे, कालच्यापेक्षा तेरा घरं खाली आहे."

"मग बरीच मोठी चाल करून येतंय."

"विठोबा ऐकत नाही. तू सांग ना."

गुणवंतीने मान हलवली. ढग दिसला तरी वहिनी घाबरते, असंच घरात सगळे समजत होते. अकरा वर्षांत तिने इतक्यांदा नको जाऊस म्हटलं होतं, की आता तिच्या 'नको'ला वजन उरलं नव्हतं.

"तुफान म्हणून ते हलायचे नाहीत," कुशाबा हळूच म्हणाला. "पण उद्या पोलिसांची झडती आहे म्हटलं तर?"

गुणवंतीने त्याच्याकडे बघितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं.

"झडती म्हणालास तर आधी होड्या पाण्यात लोटतील नि गठ्ठे घेऊन पळतील उरणला," ती म्हणाली. "म्हणजे भर तुफानात. तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही का? पोलिसांची लाँच बंदराच्या तोंडाशी उभी आहे म्हण. बाहेर पडेल त्याला धरणार, आणि दुपारी किनाऱ्यावर येणार. मग बाहेरही जाता येत नाही नि पाण्यातही ठेवता येत नाही."

"मग ठेवायच्या कुठे?"

"ही वखार काय कमी मोठी आहे?"

कुशाबाने तिला मनोमन हात जोडले. पंचवीस वर्षांच्या सरावानंतर आपल्याहून सरस माणूस भेटलं होतं आणि ते बाजारात बोंबील विकत होतं.

बातमी कुशाबाने सांगायची नाही हेही तिनेच ठरवलं. तिने घरी जाऊन एवढंच सांगितलं, की बाजारात एका हवालदाराची बायको सुरमई घेताना लाँचचं बोलून गेली. झालं. सकाळी उजाडताच, भरती चढत असताना, विठोबा आणि त्याची माणसं आठ होड्या वल्हवत वखारीच्या उतारावर घेऊन आली. पाण्यातून ओंडके वर ओढण्यासाठी तिथे हाताने फिरवायचा मोठा रहाट होता. वखारीच्या मजुरांनी हात लावला आणि साडेनऊपर्यंत होड्या सागवानाच्या थप्प्यांमागे, भिंतीच्या आडोशाला, दोरखंडांनी बांधूनही झाल्या. पोलिसांना दिसू नयेत म्हणून विठोबाने त्या इतक्या घट्ट दडवल्या की तुफानासाठी कुणी तितक्या घट्ट बांधल्या नसत्या. गठ्ठे ऑफिसाला लागून असलेल्या छपरीत जाळ्यांखाली गेले.

सात वाजता सुई बासष्टवर होती. दहा वाजता, जेव्हा तिने चढायचं, तेव्हा ती पंचावन्नवर उतरली. वारा आता झटक्यांनी येत होता. एक झटका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. सकाळी भुसा उडत होता, आता गोणपाटं उडू लागली.

साडेदहाला मुनीमजी आला. आवारात आठ होड्या आणि तीसेक कोळी बघून त्याचा चेहरा लाल झाला, छाती फुगली, आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि सवयीने नजर भिंतीवर गेली. सुई पंचावन्नच्याही खाली होती. इतकी खाली त्याने ती कधी बघितली नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत, झटक्याबरोबर ती थरथरली आणि आणखी एक घर उतरली. मुनीमजीने तोंड मिटलं, हळूच खुर्चीत बसला आणि कुशाबाला म्हणाला, जरा पाणी दे.

कुशाबाने पाणी दिलं. त्याला हसू येत होतं, पण सुईवरून नजर काढायला सवड नव्हती. सुईचा उतार वाढत होता. सकाळी तासाला दोनेक घरं, मग चार, एक वाजता बेचाळीस, तीनला पंचवीस. वाऱ्याच्या दोन झटक्यांमधली उसंत कमी कमी होत गेली आणि दुपारी ती उरलीच नाही. बाराला फळकुटं उडाली, दोनला शेजारच्या वखारीचा पत्रा कागदासारखा वळून खाडीत गेला.

त्याच सुमाराला दार ढकलून दोन पोलीस आत आले. भिजून चिंब झालेले होते. रस्त्यावर उभं राहवेना म्हणून आडोशाला शिरलेले, दुसरं काही नाही. पण कोळी जागच्या जागी थिजले. पोलिसांनी इकडेतिकडे बघितलं आणि बसायला बरी जागा म्हणून नेमके जाळ्यांच्या ढिगावर जाऊन बसले, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. एकाने विचारलं, या होड्या कुणाच्या. विठोबाने मुनीमजीकडे बघितलं. मुनीमजी, ज्याने आज काळजाला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं होतं, मऊ आवाजात म्हणाला, "आपलीच माणसं आहेत. चहा घ्या." बाजारात न जाता सकाळपासून वखारीतच थांबलेल्या गुणवंतीने चहा केला. पोलिसांनी दोन दोन कप घेतले आणि विठोबाने भिंतीला पाठ लावून प्रत्येक घोट मोजला.

चारला सुई पंधरावर आली. कुशाबा आणि गुणवंती दाराच्या फटीशी उभे होते. तिने विचारलं, हे आहे कुठे, इकडेच येतंय का. त्याने तिला बोटीवर शिकलेली खूण सांगितली. वाऱ्याकडे तोंड कर, उजवा हात लांब कर, जरासा मागे ने. तिकडे वादळाचं पोट. सकाळी वारा पूर्वेचा होता, तेव्हा हात दक्षिणेकडे जात होता. ते खालून वर येत होतं. आता वारा आग्नेयेचा झाला होता आणि हात समुद्राकडे, पश्चिमेला जात होता.

"म्हणजे आपल्या समोरून चाललंय," ती म्हणाली.

"वारा दक्षिणेचा झाला की समज, पुढे गेलं. तेवढं व्हायला हवं. वारा न फिरता नुसता वाढत गेला असता आणि सुई पडतच राहिली असती, तर ते सरळ आपल्यावर आलं असतं. मग मधेच एकदम शांत झालं असतं आणि लोक बाहेर आले असते, नि उलट्या बाजूने पुन्हा सुरू झालं असतं."

हरेश्वरच्या वेळी गुणवंतीने किनाऱ्यावर उभं राहून वारा अंगावर घेतला होता, पण तो कुठून कुठे फिरतोय हे बघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती हात लांब करून तशीच उभी राहिली.

पाच वाजता सुई बाराला टेकली आणि थांबली. कुशाबाने टिचकी मारली. तिथेच. अर्ध्या तासाने पुन्हा मारली, तर दोन घरं वर. गुणवंतीचा हात वायव्येकडे वळला होता. वारा अजून छपरं हलवत होता, पण कुशाबा खाली बसला आणि त्याने दिवसभरातली पहिली विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर ज्या होड्या पाण्यात राहिल्या होत्या त्यांच्या फळ्या धक्क्याला लागून पडल्या होत्या. माणूस एकही गेला नव्हता, कारण नाखवाच थांबलाय म्हटल्यावर बाहेर कुणीच पडलं नव्हतं. वादळाचा जोर किनाऱ्याला पोचता पोचता ओसरला, ते उत्तरेला कुठेतरी जमिनीत शिरलं आणि विरलं, असं पेपरात आलं.

विठोबा पापलेटांची जोडी घेऊन वखारीत आला. कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शिमग्याचं मी सोडून दिलं. त्याने वहिनीकडून कसंतरी काढून घेतलं होतं, की हवालदाराच्या बायकोची बातमी मुळात कुशाबाची होती. कुशाबाला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक, त्याला खरं बोलावंसं वाटलं.

"विठोबा, झडती नव्हतीच," तो म्हणाला. "तुफानासाठी बोललो मी. सुई पडत होती."

विठोबाने समजूतदारपणे मान डोलावली. "आता मोठेपणा नको घेऊस, कुशाबा. वारा काय, येतो नि जातो. पोलीस माझ्या जाळ्यावर बसून चहा प्यायले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुझ्यामुळे आठ होड्यांची माणसं आज कोठडीबाहेर आहेत."

कुशाबाने आणखी दोनदा सांगून बघितलं. मग पापलेटं घेऊन घरी गेला आणि शांतीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मासे छान आहेत म्हणाली.

पुढे गुणवंती रोज दहा वाजता येऊ लागली. सुई न चढलेली दिसली की घरी जाऊन सांगे, काल स्वप्नात देवी आली होती, आज जाऊ नका म्हणाली. देवीला विठोबा नाही म्हणत नसे. देवीचा अंदाज दोनतीनदा चुकलाही, पण त्याचा राग कुणी कुशाबावर काढला नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी कोळ्यांनी होड्यांना पताका लावल्या आणि विठोबाने कुशाबाला आणि शांतीला आपल्या होडीत बसवून बंदरभर फिरवलं. पाणी सपाट होतं. पाहुणे मंडळीही होती, त्यांना विठोबा त्या झडतीची गोष्ट सांगत होता. लाँच एक नव्हती, तीन होत्या. पोलीस बारा होते, वर एक गोरा साहेब. गोरा साहेब आता कुठून आला, असं एका पाहुण्याने विचारलं.

"कुशाबा, होता की नाही?" विठोबा म्हणाला.

शांती एक डोळा बारीक करून बघत होती. होडीच्या दुसऱ्या टोकाला गुणवंती पदराने ऊन झाकून ढगांकडे बघत होती, पण कान इकडेच होते.

"होता," कुशाबा म्हणाला. "त्यालाही चहा दिला आम्ही. पण त्याला साखर जास्त लागायची."